नळीखालची वाट

आमच्या गावात लहान मुलांची म्हणून सायकल नव्हतीच. होती ती मोठ्या माणसाची, २२ इंची, काळी. सीटवर बसलं तर पाय पायडलला पोचायचे नाहीत. म्हणून पोरं थांबली का? नळीखालून एक पाय पलीकडं घालायचा, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं नळी धरायची आणि अर्धं पायडल मारत, वाकडंतिकडं सुटायचं. हे कुणी शिकवलं नाही. एकाचं बघून दुसऱ्यानं उचललं.

मोठं माणूस शिकायला आलं, की आधी विचारायचं, "ब्रेक लागतोय नव्हं?" सायकल सीटवर बसूनच चालवायची असते, हे त्याला पक्कं ठाऊक. पोरांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना नळीखालची वाट दिसली.

पण यावरून मोठ्यांना अक्कल कमी म्हणू नये. पोराचं ढोपर फुटलं तर आई हळद लावायची. बापाचं हाड मोडलं तर सुगी कोण करणार? पोराच्या धिटाईचा खर्च घर सोसतं. मोठ्याच्या चुकीचा खर्च घरावरच पडतो.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. पुढं गावोगाव वर्ग भरले, तेव्हा आमच्याकडच्या बायका पाटी पदराआड धरून यायच्या. 'अ' वाकडा आला, की पुसून टाकायच्या. त्यांचं डोकं चालत नव्हतं असं नाही. बाजारचा हिशेब त्या तोंडी करायच्या. त्यांना हसणाऱ्यांचं भय होतं.

पोरांना चुकायची मुभा आपण देतो. तीच मोठ्यांना द्यायला आपलं काय जातं?