आरोग्याचा संकल्प आणि वीणेची तार



गुढीपाडव्याला ठरते, उद्यापासून पहाटे उठून चालायला जायचे. आठ-दहा दिवस जमतेही. मग एके दिवशी गजर बंद करून आपण कूस बदलतो आणि सत्संगात येऊन म्हणतो, “माझ्यात इच्छाशक्तीच नाही.” पुष्कळदा इच्छाशक्ती कमी नसते, पहिल्याच आठवड्यात ती नको तेवढी ताणलेली असते.

भगवान बुद्धांच्या काळी राजगृहाजवळ सोण नावाचा भिक्षू साधना करीत होता. श्रीमंत घरात, अतिशय सुखात वाढलेला. चालत ध्यान करण्याचा त्याने असा ध्यास घेतला की तळपाय फुटून रक्त आले. तरी मन स्थिर होईना. शेवटी वाटू लागले, घरी परत जावे, संपत्ती उपभोगावी, दानधर्म करावा. बुद्धांना हे कळले. सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. त्यांनी विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजायची का? नाही. आणि फार सैल सोडली तर? तेव्हाही नाही. प्रयत्नांचेही तसेच आहे, असे त्यांनी समजावले. सोणने साधना सोडली नाही, तार जुळवून घेतली.

महिन्यात दहा किलो वजन उतरवायचे, पहिल्याच दिवशी शंभर सूर्यनमस्कार, रात्रीचे जेवण बंद, ही ताणलेली तार. मग गुडघे दुखतात, घरच्यांवर चिडचिड होते. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचेही तेच. (एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी ताटली घेणाऱ्यांनी यातला पहिला भाग विसरू नये!)

अभ्यास दृढ व्हायला पतंजलींनी तीन गोष्टी सांगितल्या: दीर्घ काळ, सातत्य आणि सत्कार, म्हणजे आदर. पहिल्या दोन सर्वांना पाठ असतात, तिसरी राहून जाते. पूजेला बसताना आपण मोबाईल बाजूला ठेवतो, हातपाय धुतो. व्यायाम मात्र शिक्षेसारखा उरकतो. आरशात पाहून पोटाला नावे ठेवतो आणि त्याच रागाने धावायला निघतो. ज्याचा राग येतो, त्याची सेवा किती दिवस होणार? या शरीरानेच नामस्मरण होते, याच हातांनी सेवा घडते. म्हणून व्यायामाची जागा आणि वेळ ठरवा, चटई स्वच्छ ठेवा, सुरुवातीला तीन श्वास शांतपणे घ्या. वजनकाट्यावर रोज उभे राहण्याची मात्र गरज नाही.

आणि खंड पडला तर? बँकेतल्या आवर्ती ठेवीचा एखादा हप्ता चुकला म्हणून खाते लगेच बंद होत नाही, पुढचा हप्ता भरायचा असतो. पतंजलींच्या नऊ अंतरायांत पहिला व्याधी आहे आणि शेवटचा, मिळालेल्या स्थितीवर टिकता न येणे. घसरणे त्यांनी धरूनच ठेवले आहे. तो अडथळा आहे, पाप नव्हे.

आजारातून उठलेल्यांनी, हृदयविकार किंवा सांधेदुखी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बारा नमस्कार झेपत नसतील तर तीन घाला, पण ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी.