पाहणे आणि दर्शन

वाचक माउली, आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. एखाद्या गावी माणूस किती दिवस राहिला म्हणजे त्याने ते गाव पाहिले असे म्हणावे?

प्रश्न निघाला आमच्या नातवावरून. तो जर्मनीत शिकायला आहे. पाठीवर सॅक टाकून झेक देशाच्या राजधानीत, प्रागला, दोन दिवस जाऊन आला. फोनवर मी म्हणालो, "दोन दिवसांत गाव पाहून होते होय? ही नुसती पळापळ." तो रागावला नाही. म्हणाला, "आजोबा, ऐका तर."

प्रागच्या जुन्या चौकात १४१० सालचे घड्याळ आहे. तास भरला की त्यावरचा मृत्यूचा सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य एकामागून एक सरकतात आणि शेवटी कोंबडा आरवतो. खेळ मिनिटभराचा. खाली गर्दी, प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मोबाइल. काळ घंटा वाजवून सावध करतो आहे आणि माणसे त्याचेच चित्र काढताहेत! नातू म्हणाला, "मीही तेच केले."

खेळ संपला, गर्दी पांगली. त्याच चौकातल्या एका मोठ्या स्मारकापाशी तो पाव खात बसला. स्मारक कोणाचे, हे ठाऊक नव्हते. खाऊन झाल्यावर उठून विचारले, वाचले. ते यान हुस यांचे. हे धर्मोपदेशक १४०२ पासून तिथल्या बेथलेहेम प्रार्थनामंदिरात लोकांच्या झेक भाषेत प्रवचने करीत. पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करण्याच्या प्रथेला त्यांनी उघड विरोध केला. राजाने अभय दिले म्हणून ते कॉन्स्टन्सच्या धर्मसभेपुढे गेले. सभेने सांगितले, मते सोडा. त्यांनी सोडली नाहीत. ६ जुलै १४१५ रोजी त्यांना जिवंत जाळले आणि राख ऱ्हाईन नदीत टाकली. पाचशे वर्षांनी, १९१५ साली, त्या चौकात हे स्मारक उभे राहिले. लोकांना त्यांच्या भाषेत धर्म सांगण्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या माउलींनी १२९० साली गीतार्थ मराठीत आणला.

दुपारी टेकडीवरचा प्रसिद्ध किल्ला पाहायचा बेत होता. तो सोडून नातू चालत त्या प्रार्थनामंदिरात गेला. मूळ वास्तू पाडली गेली होती, गेल्या शतकात ती जुन्या भिंतींच्या आधाराने पुन्हा उभारली. तिथे तो तासभर नुसता बसला. मला म्हणाला, "तुमच्या कीर्तनाचा मंडप आठवला."

मी गप्प झालो. वारीत आपण अठरा-वीस दिवस चालतो. पांडुरंगाच्या पायांवर डोके किती वेळ टेकते? क्षणभर. कित्येकांना कळसाचेच दर्शन घडते. ते अपुरे म्हणतो का आपण? मग त्याच्या दोन दिवसांना मी नावे ठेवली ती कोणत्या तोंडाने?

उलट माझेच सांगतो. पंढरीत पन्नास वर्षे कीर्तने केली. महाद्वारी चोखोबांची समाधी आहे. चोखोबांवरच निरूपण करायला निघालेला मी, उशीर होईल म्हणून कितीदा तिच्यासमोरून न थांबता गेलो! जे संत बाहेर राहिले, त्यांना मीही बाहेरच ठेवले. पाहणे पन्नास वर्षांचे झाले. दर्शन किती झाले, तो हिशेब मांडायला धीर होत नाही.

आपण विचाराल, दर्शन क्षणात घडते तर दरसाल वारी कशाला? माउली, आपण विसरतो म्हणून. आणि दर्शन नुसत्या मुक्कामाने घडत नाही. त्यासाठी थांबावे लागते, आणि थांबायचे तर काहीतरी सोडावे लागते. नातवाने किल्ला सोडला. माझ्याच्याने दहा मिनिटांचा उशीर सोसवला नाही.

येत्या आषाढीला महाद्वारी घटकाभर थांबा. रांग पुढे गेली तर जाऊ द्या. गुडघ्यांनी साथ दिली तर मीही तिथेच असेन.

राम कृष्ण हरी.