भाईंदर की बीकेसी?

मोर्स उलगडणारा प्रोग्रॅम लिहायला बसलेला माणूस पहिल्या दिवशी भलताच खूश असतो. अक्षरांचा तक्ता करायचा, आलेला मजकूर मोकळ्या जागांवर तोडायचा, एकेक तुकडा तक्त्यात शोधायचा, संपलं. पंधरा-वीस ओळींचं काम. पण त्या मोकळ्या जागा टाकल्या कोणी? ज्यानं संदेश टाइप केला त्यानं. म्हणजे अवघड काम त्यानंच उरकून ठेवलेलं असतं.

त्या जागा काढून पाहा. रेल्वेच्या दप्तरी भाईंदर स्टेशनचा कोड आहे बीवायआर. बी म्हणजे −···, वाय −·−− आणि आर ·−·. सलग लिहिलं की −···−·−−·−·. आता हीच अकरा चिन्हं जरा वेगळी तोडा: −··· −·− −·−·. झालं बीकेसी, म्हणजे मुंबईतलं कचेऱ्यांचं वांद्रे-कुर्ला संकुल! एकही डॉट इकडचा तिकडे झालेला नाही. नुसती इंग्रजी अक्षरं धरली तरी ही ओळ ७४१ प्रकारे तोडता येते. त्यातले बहुतेक निरर्थक, पण हे दोन भाईंदरकराला सारखेच ओळखीचे. शब्दकोश जोडून अंदाज बांधू म्हणणाऱ्याची इथे पंचाईत होते. सकाळी बीकेसी, संध्याकाळी बीवायआर, एवढाच काय तो नियम हाताशी लागतो.

तेव्हा मोर्स दोन चिन्हांची लिपी आहे, हे अर्धंच खरं. तिसरं चिन्ह शांततेचं, आणि तिची मापं तीन. डॉट एक मात्रा धरला तर डॅश तीन मात्रांचा. अक्षराच्या पोटातली शांतता एक मात्रा, दोन अक्षरांमधली तीन, दोन शब्दांमधली सात. देशातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, पण हॅम रेडिओच्या जनरल श्रेणीच्या परीक्षेत मोर्स अजून आहे, मिनिटाला ८ शब्द. त्या वेगाला एक मात्रा १५० मिलिसेकंदांची. बीवायआर पाठवायला ३५ मात्रा, म्हणजे सव्वापाच सेकंद, बीकेसीलाही तेवढ्याच. फरक इतकाच, की तीन मात्रांची शांतता सातव्या चिन्हानंतर पडली की आठव्या.

यंत्रानं पाठवलं तर हे मोजणं सोपं. दोन मात्रांपर्यंत अक्षर चालू, त्यापुढे अक्षर संपलं, पाचाच्या पुढे शब्द संपला. माणसाचा हात मात्र घड्याळ लावून चालत नाही. घाईत तीन मात्रांच्या अडीच होतात, विचारात पडला की चार. म्हणून बरा प्रोग्रॅम ठरीव आकडे धरून बसत नाही; शेवटच्या काही डॉट-डॅशची लांबी पाहून पाठवणाऱ्याची मात्रा पुन्हा पुन्हा ठरवतो. माझ्या मते खरं लिहिण्याजोगं काम इथेच आहे, तक्ता कोणीही टंकेल.

आणखी एक गोम. शांतता किती लांब होती, हे ती संपल्यावर, पुढचा आवाज आल्यावर कळतं. शेवटच्या अक्षरानंतर तर आवाज येणारच नसतो. म्हणून नवख्याच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर ‘बीवाय’ उमटतं आणि आर आतच अडकून राहतो. त्याला बाहेर काढायला वेगळा टायमर लावावा लागतो: ३०० मिलिसेकंद काही ऐकू आलं नाही, तर आहे ते अक्षर छापून टाक.