न जाण्याचा निर्णय

मरणाला सामोरं जाणाऱ्या श्रद्धावंतांचे चित्रपट पाहताना मी एकच गोष्ट शोधत असते : या माणसांना भीती वाटते का? माझं आयुष्य नर्स म्हणून वॉर्डांमध्ये गेलं. भाविक माणूसही घाबरतो, हे मी तिथं पाहिलं. उशाशी रोझरी ठेवून झोपणाऱ्या आजी शेवटच्या रात्री माझं मनगट सोडत नसत. त्यांची श्रद्धा खोटी होती, असं मला एकदाही वाटलं नाही. म्हणून पडद्यावरचा हुतात्मा हसतमुखानं वधस्तंभाकडे निघाला, की माझं मन त्याच्याबरोबर चालत नाही.

झाव्हिए बोव्हुआ यांच्या ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ या फ्रेंच चित्रपटाबरोबर ते चाललं. २०१० साली कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं. गोष्ट खरी घडलेली आहे. अल्जीरियात मेदेआजवळच्या डोंगरात तिबिरिन नावाच्या वस्तीत ट्रॅपिस्ट साधूंचा मठ होता. प्रार्थना, शेती, मध विकणं आणि गावकऱ्यांसाठी चालवलेला दवाखाना, एवढाच त्यांचा संसार. गाव सगळं मुसलमानांचं. नव्वदच्या दशकात देशात यादवी पेटली. डिसेंबर १९९३ मध्ये जवळच काम करणाऱ्या १२ क्रोएशियन कामगारांना ठार मारण्यात आलं आणि त्याच महिन्यात, नाताळच्या आदल्या रात्री, बंदूकधारी मठाच्या दारात उभे राहिले. पुढे २६-२७ मार्च १९९६ च्या रात्री सात साधूंना पळवून नेण्यात आलं. मे महिन्याच्या अखेरीस त्यांची फक्त शिरं सापडली. त्यांना नेमकं कोणी मारलं, यावर आजही वाद आहे. चित्रपट त्या वादात शिरत नाही, हत्याही दाखवत नाही.

दोन तासांच्या या चित्रपटात अपहरणाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. बाकी सगळा वेळ साधू नांगरतात, लाकडं फोडतात, भांडी घासतात, स्तोत्रं गातात आणि एका टेबलाभोवती बसून वाद घालतात : जायचं की राहायचं?

हा वाद मला चित्रपटाचा प्राण वाटतो. मठाचे प्रमुख ख्रिस्तियाँ (लँबर्ट विल्सन) सरकारी अधिकाऱ्यांनी देऊ केलेलं लष्करी संरक्षण परस्पर नाकारतात. तेव्हा इतर जण त्यांना सुनावतात, की आमच्या जिवाचा निर्णय तुम्ही एकट्यानं घ्यावा म्हणून आम्ही तुम्हाला निवडलेलं नाही. एक जण तर सरळ म्हणतो, की मी इथं जगायला आलो आहे, सामुदायिक आत्महत्या करायला नाही. त्याला कोणी भित्रा ठरवत नाही. ख्रिस्तियाँ ऐकून घेतात, निर्णय पुढे ढकलतात, प्रत्येकाला वेळ देतात.

धर्मासाठी मरणं आणि धर्माच्या नावानं मरण ओढवून घेणं यांत फरक कुठे असतो, हा जुना प्रश्न आहे. आमच्या वसईला तो परका नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर भाल्यांनी भोसकून मारण्यात आलं. १८६२ साली त्यांना संतपद मिळालं. त्यांच्या चित्रांत आणि मूर्तींत क्रूस असतो, भाले असतात. लहानपणी मला वाटायचं, की संत व्हायचं म्हणजे असं मरायचं. त्या क्रुसाआधी ते काय काम करत होते, कोणासाठी थांबले होते, हे मूर्तीला सांगता येत नाही. चित्रपटाला सांगता येतं, आणि बोव्हुआ यांनी तेवढंच सांगायचं ठरवलं.

या साधूंना मरण हवं नव्हतं. दाराशी बंदुका आल्या, तेव्हा ख्रिस्तियाँनी डॉक्टरला त्यांच्याबरोबर पाठवायला नकार दिला, औषधंही द्यायला नकार दिला, कारण ती गावासाठीच पुरत नव्हती. मात्र पुढे जखमी बंडखोर मठात आला, तेव्हा त्याच्यावर उपचार झाले. वॉर्डात आम्हीही हेच शिकलो : खाटेवर कोण आहे हे विचारायचं नाही, जखम कुठे आहे ते बघायचं. लष्कराला ते आवडलं नाही. दोन्ही बाजूंच्या नजरेत संशयित होऊन जगणं हे त्यांचं रोजचं मरण होतं.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो वृद्ध डॉक्टर ल्युक, मिशेल लोन्सदाल यांनी उभा केलेला. खरे ब्रदर ल्युक ऐंशी ओलांडलेले होते, दम्यानं त्रस्त होते. चित्रपटात ते तपासता तपासता गावातल्या मुलीशी प्रेमाबद्दल गप्पा मारतात, गरजूला जुने बूट शोधून देतात. आपण मरणाला घाबरत नाही, आपण स्वतंत्र माणूस आहोत, असं ते सहज सांगतात. पण चित्रपट सगळ्यांना ल्युकसारखं करत नाही. तरुण ख्रिस्तोफ रात्री आपल्या खोलीत देवाला अक्षरशः ओरडून विनवतो, की मला सोडून जाऊ नकोस. उत्तर येत नाही. भिंतीपलीकडचे साधू ते रडणं ऐकत पडून राहतात. श्रद्धेचं इतकं प्रामाणिक चित्रण मी क्वचित पाहिलं आहे. देव उत्तर देत नाही आणि तरीही सकाळी घंटा झाल्यावर ख्रिस्तोफ प्रार्थनेला उभा असतो.

ट्रॅपिस्ट साधू एक व्रत घेतात : ज्या मठात प्रवेश केला, त्याच मठात आयुष्यभर राहायचं. शांततेच्या काळात हे व्रत साधं वाटतं. बंदुका आल्यावर त्याची किंमत कळते. तरीही केवळ नियमासाठी ते थांबले नाहीत. आपण फांदीवरच्या पक्ष्यांसारखे आहोत, उडायचं की नाही ठाऊक नाही, असं एक साधू गावकऱ्यांना सांगतो. त्यावर एक बाई म्हणते, की पक्षी आम्ही आहोत, फांदी तुम्ही. त्यानंतर प्रश्नच बदलतो. आपण मरू का, यापेक्षा आपण गेलो तर हे कोणाच्या आधारानं राहतील, हे मोठं होतं. मरणाची भीती तशीच राहते, पण निर्णय ती घेत नाही. श्रद्धेमुळे येणारं धैर्य ते हेच, असं मला वाटतं. श्रद्धा भीती काढून घेत नाही, माणसाला त्याच्या माणसांपाशी थांबण्याचं बळ देते.

शेवटच्या जेवणाचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. ल्युक वाइनच्या बाटल्या आणतात, टेपवर चायकोव्हस्कीचं ‘स्वान लेक’ लावतात. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरतो. आधी हसू, मग डोळ्यांत पाणी. कोणी काही बोलत नाही. हे हसू आणि हे अश्रू मी नातेवाइकांच्या आणि रुग्णांच्या चेहऱ्यांवर एकत्र पाहिलेले आहेत. त्यांत निराशा नसते. आयुष्य किती आवडतं होतं, हे त्या क्षणी कळत असतं. ज्याला आयुष्य प्रिय नाही, त्याचं मरण हे बलिदान होऊ शकत नाही.

८ डिसेंबर २०१८ रोजी ओरान शहरात या सात जणांसह अल्जीरियातल्या १९ ख्रिस्ती व्रतस्थांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. त्या वेळी हिंसेला धर्माचा आधार द्यायला नकार दिल्यामुळे मारल्या गेलेल्या इमामांचंही स्मरण झालं. ते अगदी योग्य झालं, कारण ख्रिस्तियाँ द शर्जे यांना हे धैर्य शिकवलं तेही एका मुसलमानानं. १९५९ साली, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, ते तरुण फ्रेंच अधिकारी होते. मोहम्मद नावाचा गावरक्षक, दहा मुलांचा बाप, त्यांचा मित्र होता. हल्लेखोर आले तेव्हा मोहम्मद मध्ये पडला आणि ख्रिस्तियाँ वाचले. दुसऱ्या दिवशी मोहम्मदचा खून झालेला आढळला. ख्रिस्तियाँ पुढे अल्जीरियात साधू म्हणून परतले, ते या ऋणापोटी. आपण मारले गेलो तर या देशाला आणि इस्लामला दोष देऊ नका, असं त्यांनी आपल्या मृत्युपत्रात आधीच लिहून ठेवलं आणि मारणाऱ्याला क्षमाही केली. श्रद्धेनं मरण्याचं बळ दिलं, एवढ्यावरून मी कोणाची श्रद्धा जोखणार नाही. शस्त्र हातात घेणाऱ्यालाही ते बळ मिळतं. मरताना दुसऱ्याच्या धर्मातल्या माणसाचं भलं चिंतता येतं का, ही माझ्या लेखी खरी कसोटी आहे. मोहम्मद तिला उतरला, आणि त्याचा मित्रही.