जेवलीस का, अमुक?

'जेवण झालं का?' हा प्रश्न आपण जितक्या वेळा विचारतो, तितक्या वेळा उत्तर ऐकायला थांबत नाही. समोरचा चुकून 'नाही' म्हणाला तर पंचाईत आपलीच! कोरियन माणसांचीही हीच रीत आहे. भेट झाली की पहिली चौकशी भाताची. तेव्हा सोलमधला एक देखणा गायक माझ्या भाचीला, म्हणजे कोथरूडला, भर दुपारी 'जेवलीस का?' असं विचारतो आणि पुढे तिचं घरातलं लाडकं नावही घालतो, यात संस्कृतीच्या दृष्टीनं वावगं असं काही नाही.

नाव त्याला कसं कळलं, ही गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. 'बबल' नावाचं एक अ‍ॅप २०२० साली तिकडे निघालं. दरमहा पैसे भरायचे, की तुमच्या आवडत्या कलावंताचे निरोप थेट तुमच्या फोनवर, अगदी खाजगीत आल्यासारखे. तो बिचारा लिहितो एकदाच. नावाच्या जागी एक खूण टाकतो आणि यंत्र त्या खुणेवर जिचं तिचं नाव बसवतं. आपल्या लग्नपत्रिकेवर 'रा. रा. ............ यांस' असं छापलेलं असतं ना, तसंच. आपल्याकडे ती टिंबं दिसतात, एवढाच फरक.

"तुला ठाऊक आहे ना हे?" मी शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं.

"मामा, अ‍ॅप मी वापरते," ती म्हणाली, "तू नाही."

म्हणजे ठाऊक होतं. मग याला फसवणूक म्हणायचं कसं? माझ्या आत्यानं १९७० च्या सुमारास एका हिंदी नटाला पत्र लिहिलं होतं. महिन्याभरानं त्याचा सहीचा फोटो आला. सही खरी की छापील हे बघायला आत्यानं बोट ओलं करून एका कोपऱ्यावरून हलकेच फिरवलं. शाई तसूभर हलली नाही. फोटो आजही तिच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली आहे. माणसाला छापील सही चालते. फक्त ती छापील आहे हे दुसऱ्या कुणी मोठ्यानं सांगू नये.

पण आत्या एकटी होती. फार तर शेजारची एक मैत्रीण. आता हिशेब अब्जांत आहे. सायच्या 'गंगनम स्टाइल'नं २०१२ च्या डिसेंबरात यूट्यूबवर एक अब्जाचा आकडा गाठला. तिथे एवढी मजल मारणारा तो पहिलाच व्हिडिओ. दोन वर्षांनी तो २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे चालला, तर यूट्यूबच्या मोजणीयंत्राला त्यापुढे मोजताच येत नव्हतं! यंत्र बदलावं लागलं. बीटीएसच्या सात पोरांचं तर विचारूच नका. त्यांची गाणी, त्यांच्या गप्पा रातोरात नाना भाषांत उतरवून देणारी फौज होती ती चाहत्यांची, आणि तीही बिनपगारी. २०२० च्या जूनमध्ये या मुलांनी आणि त्यांच्या कंपनीनं अमेरिकेतल्या 'ब्लॅक लाइव्ज मॅटर' चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तर चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढेच आणखी जमवले. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीची वर्गणी तीन वर्षं जमते आहे.

आता एवढं द्यायचं म्हटलं की कुठे तरी वही उघडली जाते. एकाच अल्बमच्या दहा-दहा प्रती घ्यायच्या, कारण आत निघणारं फोटोकार्ड वेगळं. आणि जितक्या प्रती जास्त, तितकी एक-दोन मिनिटांच्या भेटीच्या सोडतीत आशा जास्त. मग एक दिवस जमाखर्च मांडला जातो. २०२४ च्या फेब्रुवारीत एस्पा या गटातली करीना एका नटाच्या प्रेमात असल्याची बातमी फुटली. पोरगी तेवीस वर्षांची. या वयात प्रेमात पडली नसती तर आपल्याकडे आई-बापांनी स्थळं आणली असती! पण चाहत्यांनी कंपनीच्या दारात विजेच्या फलकाचा ट्रक नेऊन उभा केला. आमचं प्रेम तुला कमी पडलं का, अशा अर्थाचा मजकूर त्यावर झळकत होता. करीनानं स्वतःच्या हातानं माफीपत्र लिहून जगजाहीर केलं. एप्रिलमध्ये ते प्रेमही संपल्याची बातमी आली.

आमच्या विठोबाचं लग्न झालेलं आहे. रखुमाई रुसलेली का होईना, पण तिथेच आहे. म्हणून वारीतला एक माणूस कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

चाहत्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असंही नाही. 'मी फक्त तुझा' हा माल ज्या दुकानात उघड्यावर मांडला होता, तिथूनच त्यांनी तो रोख पैसे मोजून घेतला. माझी तक्रार एवढीच, की माल विकला दुकानदारानं आणि बिल फाडलं पोरीच्या नावानं. कोरियात कलावंतांना कंपन्या तेरा-तेरा वर्षांच्या करारात बांधत. २००९ साली तिकडच्या फेअर ट्रेड कमिशननं नमुना करार काढून ती मुदत सातावर आणली. चाहत्यांच्या कराराची मुदत कोण ठरवणार?

२०१९ च्या ऑक्टोबरात सल्ली गेली, वय पंचवीस. नोव्हेंबरात तिची मैत्रीण गू हारा, अठ्ठावीस. दोघींनीही इंटरनेटवरच्या अनोळखी माणसांच्या शिव्या वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या. सल्ली गेल्यावर दाउम आणि मग नेव्हर या तिकडच्या बड्या पोर्टलांनी मनोरंजनाच्या बातम्यांखाली मत नोंदवायची सोयच काढून टाकली. यावर मला विनोद सुचत नाही.

बीटीएसमधला जिन १२ जून २०२४ रोजी दीड वर्षाची लष्करी नोकरी संपवून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सोलमध्ये त्यानं एक हजार चाहत्यांना ओळीनं मिठी मारली. सुमारे तीन तास. मी भागाकार केला: माणशी अकरा सेकंदसुद्धा नाहीत. पंढरपुरात पायावर डोकं टेकायला याहून जास्त मिळत नाहीत म्हणा. काही जणींना एवढ्यानं भागेना. त्यांनी त्याचा मुका घ्यायचा प्रयत्न केला. त्यावर बाकीचे चाहतेच खवळले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. भाची तर आठवडाभर त्या बायकांचा उद्धार करत होती.

हे सगळं मी आत्याला रंगवून सांगितलं. ती आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. तिनं मुक्याचं, पोलिसांचं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तीन तास उभा?" ती म्हणाली. "मग पोरगा जेवला कधी?"