पाठीमागची सही

चेक हातात आला की मी आधी तो उलटा करतो. गिऱ्हाईक रक्कम बघतं, कारकुनाला पाठ महत्त्वाची. पाठीवर सही करून तुम्ही तो पुढे दिलात आणि चेक परतला, तर पुढचा माणूस तुमची मानगूट धरू शकतो. १८८१ सालापासूनचा कायदा आहे हा!

चित्रफितीला मात्र पाठच नसते. २०१८ साली मोटारसायकलवरून मूल पळवणाऱ्यांची एक चित्रफीत देशभर फिरली. तपासणाऱ्यांनी मूळ हुडकलं, तर ती निघाली कराचीतली जनजागृतीची फिल्म! शेवटी तेच स्वार मूल परत आणून फलक दाखवतात. नेमका तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता. असल्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलैला, आमच्या शेजारच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडे बाजारी आलेले पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले.

कापणाऱ्याला शोधणं कठीण. व्हॉट्सॲपवर चढताना चित्रफीत आक्रसते, कॅमेऱ्याची नि तारखेची नोंद गळते. मग मोबाईलमागून मोबाईल उलटं चालत जायचं. पण माझं भांडण मधल्या मंडळींशी आहे. "आलं तसं पाठवलं," म्हणतात. अहो, चेकही आला तसाच पुढे जातो, पण सही करून!

त्याच जुलैत कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. आमच्या नंदुरबारच्या शाखेतले कॅशियर अण्णा नोटा मोजता मोजता थांबले. "म्हणजे पाचापर्यंत माफ का हो?"