मैदानावरचा मुलगा



प्रत्येक कॉलेजात असा एक मुलगा असतोच. कबड्डीच्या संघात पहिला, गॅदरिंगला पुढे, कट्ट्यावर सगळ्यांचा दोस्त. त्याच्याबद्दलचं आपलं मतही ठरलेलं असतं: उनाड, अभ्यासात ढ, आणि कुठे दंगा झाला की यानेच केला असणार.

हाच मुलगा पहाटे साडेपाचला मैदानावर असतो. बोटांवरची चिकटपट्टी न काढताच पहिल्या तासाला येऊन बसतो. डुलकी लागली, की सरांना त्याचा आळस दिसतो. पहाटेचा घाम दिसत नाही. गुडघा दुखावून महिनाभर घरी बसला, तरी ‘पैलवान गडी तो, त्याला काय होतंय!’ म्हणून कोणी विचारपूस करत नाही. सदा हसणाऱ्या मुलाला रडायची मुभाच आपण ठेवत नाही.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी असा शिक्का मारला नाही. पैलवान खाशाबा जाधवांना ऑलिंपिकला जाता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं घर ७ हजार रुपयांना गहाण टाकलं. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबांनी कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

प्रत्येक खेळाडू पदक आणेलच असं नाही. पण माणूस म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे. आज असा मुलगा भेटला, तर सामन्याचा निकाल नंतर विचारा. आधी ‘कसा आहेस?’ म्हणा, आणि त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या.